फळ्यावरचं त्रेचाळीस

गुंड्याने लिहिलेल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर ताईला 'नेहमीप्रमाणे' हा शब्द चार ठिकाणी सापडला. तिने चारही शब्दांभोवती लाल पेनाने गोल काढले आणि भावाला हाक मारली.

"नेहमीप्रमाणे म्हणजे कसं रे?"

"नेहमी करतो तसं."

"कोण करतं?"

"मी."

"आणि तू नसशील तेव्हा?"

घोडं तिथेच तर पेंड खात होतं.

गुंड्या ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी शर्टाच्या गुंड्या चावून तोडायचा म्हणून हे नाव पडलं. आता पन्नाशी उलटली, डोक्यावर टक्कल आलं, तरी घरात नाव तेच राहिलं. बाहेर मात्र लोक त्याला वस्ताद म्हणत. कोंबडीची अंडी उबवणाऱ्या एका केंद्रात तो कॉम्प्युटरचं सगळं काम बघे. तिथे माणसाच्या उंचीच्या पेट्या ओळीने उभ्या होत्या आणि प्रत्येक पेटीत अंड्यांचे ट्रे रचलेले असत. पेटीला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: ऊब किती ठेवायची, ओलावा किती ठेवायचा आणि अंडी किती वेळाने फिरवायची. पूर्वी त्यासाठी एकेका पेटीपाशी जाऊन बटणं दाबावी लागत. गुंड्याने त्यावर एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव 'जुळणी' ठेवलं. प्रत्येक पेटीची एक फाईल. फाईलमधले आकडे बदलायचे, जुळणीला आधी 'दाखव' म्हणायचं, म्हणजे काय काय बदलणार ते ती पडद्यावर दाखवते. पटलं की 'लाव' म्हणायचं. पेटी त्याबरहुकूम चालू लागते.

काम एवढंसंच, पण ते गुंड्याशिवाय कुणाला येत नव्हतं. आणि गुंड्याच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला बारीक भोक पडलं होतं. सरळ रेघ त्याला मधेच वाकलेली दिसे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि त्यानंतर आठवडाभर पालथं पडून राहायला सांगितलं होतं. मान वर करायची नाही, कॉम्प्युटर नाही, फोन नाही. दोनदा तारीख ठरली आणि दोन्ही वेळा केंद्रात काहीतरी निघालं म्हणून त्याने ती पुढे ढकलली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आता आणखी उशीर केलात तर नंतर ऑपरेशन करूनही या डोळ्याने वाचता येईल असं मी म्हणणार नाही.

तेव्हा केंद्राच्या मालकीणबाईंनी एक एआय एजंट घेतला. म्हणजे कॉम्प्युटरमध्येच राहणारा मदतनीस. लेखी सूचना दिल्या की त्या वाचून कामं स्वतःची स्वतः करणारा. गुंड्याची पुस्तिका त्याच्याचसाठी होती. मालकीणबाईंची अट एकच होती. त्यांच्यासमोर एजंटाने एक पेटी शेवटच्या टप्प्यात नेऊन दाखवायची, आणि त्या वेळी गुंड्याने खोलीत थांबायचं नाही. जमलं तर वस्तादांनी खुशाल ऑपरेशनला जावं. नाही जमलं तर त्यांच्या पेट्या त्या रामभरोसे सोडणार नव्हत्या.

केंद्रातली माणसं एजंटाला 'जावईबापू' म्हणू लागली होती. त्याच्यासाठी नवा कॉम्प्युटर, वेगळी खोली, आणि सगळे त्याच्या तैनातीला.

"जावयासारखाच आहे तो," गुंड्या ताईला म्हणाला. "काही विचारत नाही. ताटात पडेल ते खातो."

ताई नुकतीच निवृत्त झाली होती. सगळी नोकरी तिने पहिलीच्या वर्गावर काढली होती. मुख्याध्यापिका व्हा म्हणून दोनदा विचारणा झाली तेव्हाही तिने पहिली सोडली नव्हती. न विचारता सांगितलेलं शब्दशः करणारा प्राणी म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. अशी पोरं तिने ढिगाने पाहिली होती. एकाला तिने पाटी पुसून ठेव म्हटलं, तर त्याने ती पुसून तिच्याच टेबलाच्या खणात ठेवली होती, कारण कुठे ठेव ते तिने सांगितलं नव्हतं.

"म्हणजे पहिलीतलं पोरच की," ती म्हणाली.

"पहिलीतलं पोर निदान रडतं तरी. हा चुकतो तेव्हाही छान हसतमुख असतो."

दोघं कामाला लागली. गुंड्या सांगे आणि ताई लिही. दुपारी जेवणं झाली की स्वयंपाकघरातलं टेबल पुसायचं, त्यावर गुंड्याचा लॅपटॉप मांडायचा आणि एकेक 'नेहमीप्रमाणे' खोदून काढायचा. खोदता खोदता काय काय निघालं. दोन नंबरच्या पेटीचं दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय नीट लागत नाही. सहा नंबरचा उष्णतामापक अर्धा अंश जास्त दाखवतो, म्हणून तिच्या फाईलमध्ये आकडा मुद्दाम वाढवून लिहिलेला आहे. हे सगळं गुंड्याच्या डोक्यात होतं आणि डोक्यातच राहणार होतं. ताईने त्याला दर वेळी तोच प्रश्न विचारला की हे मला कसं कळावं, आणि गुंड्याने दर वेळी तेच उत्तर दिलं की हे काय सांगायचं असतं का.

मात्र एका बाबतीत ताईने भावाचं ऐकलं नाही. वर्गात तिची एक आवडती रीत होती. ती फळ्यावर मुद्दाम एक चुकीचं उदाहरण सोडवी आणि बाजूला उभी राही. पोरं जरा वेळ बघत बसत, मग कुणीतरी "बाई, चुकलं!" म्हणून ओरडे आणि सगळा वर्ग तुटून पडे. चूक पकडलेला मुलगा ती गोष्ट जन्मात विसरत नाही, असा तिचा अनुभव होता. तेव्हा पुस्तिकेतही तिने शेवटच्या टप्प्याच्या धड्यात एक चुकीची फाईल घातली. वर लिहिलं, 'यात काय चुकलं आहे ते शोधा.' उत्तर धड्याच्या शेवटी.

अंडी फुटायला तीन दिवस उरले की त्यांना फिरवणं बंद करायचं असतं आणि ओलावा वाढवायचा असतो, म्हणजे कवचाच्या आतला पापुद्रा मऊ राहतो आणि पिल्लाला बाहेर यायला सोपं जातं. ताईच्या चुकीच्या फाईलमध्ये फिरवणं चालूच होतं आणि ओलावा वाढण्याऐवजी उतरून त्रेचाळीसवर आला होता. त्रेचाळीस हा तिचा ठरलेला आकडा. पहिलीत चौतीस लिहा म्हटलं की निम्मी पोरं त्रेचाळीस लिहितात, कारण कानावर आधी चार पडतो. म्हणून चुकीचं उदाहरण म्हटलं की तिच्या हातून त्रेचाळीसच यायचं.

गुंड्या म्हणाला होता, हे नको. पण का नको ते त्यालाही धड सांगता आलं नाही. ताई म्हणाली, तू पेट्या सांभाळ, शिकवणं माझ्याकडे दे.

परीक्षेच्या दिवशी गुंड्याला अंगणात खुर्ची देण्यात आली. आत मालकीणबाई आणि ताई पडद्यासमोर बसल्या. मालकीणबाई उंच, सडपातळ, बोलायला फटकळ. पायात रबरी बूट आणि गळ्यात चष्मा. त्यांनी रिकाम्या पेटीवर परीक्षा घ्यायला साफ नकार दिला होता. रिकाम्या पाळण्याला झोके देऊन आई होता येतं का, असं त्यांचं म्हणणं. नऊ नंबरची पेटी भरलेली होती आणि तिचे शेवटचे तीन दिवस लागत होते. त्यांनी एजंटाला एकाच ओळीत काम लिहून दिलं: नऊ नंबरची पेटी शेवटच्या टप्प्यात न्या.

पडद्यावर ओळी उमटू लागल्या. एजंटाने पुस्तिका उघडली, त्यातला धडा शोधला, फाईल तयार केली आणि जुळणीला 'दाखव' म्हटलं. यादी आली. मालकीणबाईंनी चष्मा चढवला. ऊब ठीक होती. ताईची नजर खाली सरकली आणि थबकली.

ओलावा: त्रेचाळीस.

मुलांनी एकमेकांचं बघून लिहिलं की ताईला ते कुणाचं बघून लिहिलं हे नेहमी ओळखू येई. बरोबर उत्तर कुणाचंही असू शकतं, चूक मात्र मालकाचं नाव सांगते. ही चूक तिचीच होती. तिने हात पुढे केला आणि 'थांबा'चं बटण दाबलं. 'लाव' व्हायच्या आतच काम थांबलं.

"काय झालं?" मालकीणबाईंनी विचारलं.

ताईने सांगितलं. फिरवणं बंद झालेलं नाही आणि ओलावा उलटा उतरतो आहे. तसंच राहिलं असतं तर बरीच पिल्लं कवचातच अडकली असती.

"म्हणजे जावईबापू नापास."

गुंड्याला आत बोलावलं. त्याने पडद्याला नाक लावून, डावा डोळा जवळ नेऊन यादी वाचली आणि काय झालं ते त्याला लगेच कळलं. तो म्हणाला, एजंट आपल्यासारखं पुस्तक पहिल्यापासून वाचत नाही. लागेल तेवढं पान काढून नेतो. वरचा प्रश्न आधीच्या पानावर राहिला, उत्तर धड्याच्या शेवटी राहिलं, त्याच्या हाती मधली फाईलच तेवढी आली. कोंबड्यांबद्दल जगात काय लिहिलंय ते त्याला माहीत असेलही, पण घरचं पुस्तक समोर असताना तो बाहेरचं का मानेल? हे सगळं तो समजुतीच्या सुरात म्हणाला. बहिणीला दोष दिला नाही. मग त्याने नऊ नंबरचे आकडे स्वतः नीट लावले आणि खिशातून फोन काढला.

"कुणाला फोन करतोस?" ताईने विचारलं.

"दवाखान्यात. पुढची तारीख घेतो."

"फोन ठेव."

"अगं, एक डोळा आहे ना चांगला. महिन्याने काय बिघडतं?"

"गुंड्या, फोन ठेव म्हटलं ना."

पन्नाशीतल्या वस्तादाने फोन मुकाट्याने खिशात ठेवला. मालकीणबाईंना त्याची गंमत वाटली असावी, पण त्यांनी दाखवलं नाही.

ताई त्यांच्याकडे वळली. "विद्यार्थ्याने फळ्यावरचं अक्षर न् अक्षर बरोबर उतरवून घेतलंय," ती म्हणाली. "फळा चुकला. फळा माझा होता. परीक्षा पुन्हा घ्या."

मालकीणबाई म्हणाल्या, मास्तरीणबाई, फळा चुकला काय आणि पोर चुकलं काय, पिल्लं माझीच मरणार होती. ताईने ते कबूल केलं. अखेर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चार नंबरची पेटी शेवटच्या टप्प्यावर येणार होती, तिच्यावर आणखी एकच संधी द्यायचं ठरलं. तीही संधी हुकली तर तारीख पुढे ढकलायची की नाही हा प्रश्न उरणार नव्हता, ती ढकलावीच लागणार होती.

घरी आल्यावर ताईने चुकीच्या फाईलचं पान पुढ्यात घेतलं. ते काढून टाकायला तिचा हात होईना. आधी तिने प्रत्येक ओळीपुढे 'हे चूक आहे' असं लिहून पाहिलं. गुंड्या म्हणाला, ओळ तुटली तर? तिने लाल रंग देऊन पाहिला. गुंड्या म्हणाला, त्याला रंग दिसत नाही. ताई चिडून म्हणाली, मग त्याला दिसतं तरी काय? गुंड्या म्हणाला, तू लिहिशील तेवढं, आणि तेवढंच.

ताई उठून चहा करायला गेली. दूध उकळेपर्यंत ती शेगडीपाशी उभी राहिली. वर्गात तिची चूक चालायची, कारण ती शेजारीच उभी असायची. पोरं आधी फळ्याकडे बघत आणि मग तिच्या तोंडाकडे. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू दिसलं की त्यांना कळायचं, यात काहीतरी गोम आहे. कागदाला तोंड नसतं. तिने परत येऊन ते पान काढून टाकलं. एवढ्या वर्षांचं हत्यार खाली ठेवताना वाटायचं ते वाटलं, पण चहा मात्र तिने गरम असतानाच प्यायला.

मग सगळी पुस्तिका नव्याने उलगडली. आता कुठलंही पान सुटं काढलं तरी ते स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. ते कुठल्या टप्प्याचं आहे, काम सुरू करण्याआधी पेटीत काय दिसायला हवं, नंतर काय दिसायला हवं, हे प्रत्येक पानावर. चूक सांगायची तर उदाहरण घालून नाही, शब्दांत सांगायची, आणि तिचं कारण त्याच वाक्यात.

शेवटी ताईने विचारलं, याला हात वर करायला कुणी शिकवलंय का?

गुंड्याला कळलं नाही. ताई म्हणाली, पहिलीत पहिल्या दिवशी मी अक्षर शिकवत नाही. काही अडलं, पाणी प्यायचं असलं, की हात वर करायचा, एवढंच शिकवते. ते मुलांना आपोआप येत नाही. विचारलं तर बाई रागावतील असं त्यांना वाटतं, म्हणून ती गप्प बसून भलतंच काहीतरी करून ठेवतात. तुमच्या जावयाला कुणी सांगितलंय का, की अडलास तर विचार?

कुणी सांगितलं नव्हतं. सगळे धरून चालले होते की तो विचारत नाही.

तेव्हा ताईने आणखी एक पान लिहिलं आणि त्यातला मजकूर प्रत्येक पानाच्या तळाशीही घातला. फाईलमधला ओलावा आणि पेटीत प्रत्यक्ष दिसणारा ओलावा यांत पाचपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. थांबा. मालकीणबाईंना विचारा. उत्तर येईपर्यंत काहीही बदलू नका. थांबणं म्हणजे चूक नाही. हे शेवटचं वाक्य गुंड्याला अनावश्यक वाटलं. ताईने ते ठेवलं.

दुसऱ्या परीक्षेला गुंड्या पुन्हा अंगणातल्या खुर्चीत, आणि आत त्या दोघी. मालकीणबाईंनी तीच एक ओळ लिहिली, फक्त पेटीचा नंबर बदलून. एजंटाने पान काढलं, पेटी तपासली आणि थांबला. पडद्यावर पुढची ओळ येईना. मग टेबलावरचा मालकीणबाईंचा फोन वाजला. त्यांनी निरोप मोठ्याने वाचला.

"चार नंबरच्या फाईलमध्ये ओलावा बावन्न आहे. पेटीत एकसष्ट दिसतो आहे. पुस्तिकेप्रमाणे मी थांबलो आहे. यामागचं कारण तुम्हाला माहीत आहे का?"

ताईने मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाईंनी फोन उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला, आणि त्यांच्या तोंडावर असा भाव आला की ताईला शेवटच्या बाकावर खडू खाताना सापडलेली एक मुलगी आठवली.

"माहीत आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

प्रकार असा होता. मालकीणबाई सून म्हणून या धंद्यात आल्या तेव्हा पेट्या लाकडाच्या होत्या आणि आत कंदील असत. अंडी फुटायला तीन दिवस उरले की खालच्या कप्प्यात ओलं गोणपाट ठेवायचं, असं सासूबाईंनी शिकवलं होतं. पेट्या बदलल्या, जुळणी आली, पण गोणपाट काही सुटलं नाही. मशीन काय करतं ते करो, आपलं आपण करावं, म्हणून त्या रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ज्या पेटीची पाळी असेल तिच्यात गोणपाट सरकवत आणि कुणी यायच्या आत काढून घेत. आज परीक्षेच्या गडबडीत काढायचं राहून गेलं होतं.

गुंड्याला आत बोलावलं आणि हे सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकला. शेवटच्या टप्प्याच्या दिवशी सकाळी ओलावा का चढलेला असतो, याचा शोध तो कित्येक वर्षं घेत होता. त्यापायी त्याने मापक बदलले होते, रबरं बदलली होती, एकदा तर छत गळतंय म्हणून गवंडी आणला होता.

"मला सांगायचं तरी," तो म्हणाला.

"तुम्ही कधी विचारलंत?" मालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांना स्वतःलाच हसू आलं. "हा जावई कसला! सासू आहे ही. आल्या आल्या सुनेचा कप्पा उघडून बघितला."

त्यांनी चार नंबरच्या पेटीतून गोणपाट काढलं, बादलीत टाकलं आणि हात पुसून एका बोटाने उत्तर टाइप केलं: गोणपाट होतं, काढलं. ओलावा खाली यायला जरा वेळ लागला. सगळे वाट बघत बसले. मग एजंटाने पुन्हा पेटी तपासली आणि 'दाखव' म्हटलं. फिरवणं बंद, ओलावा अडुसष्ट. ताईने ती यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. त्यानंतर 'लाव' झालं.

मालकीणबाईंनी चष्मा उतरवला. मग म्हणाल्या, "वस्ताद, उद्या जा. आणि मास्तरीणबाई, ते गोणपाटाचंही लिहा पुस्तिकेत. पण माझं नाव नको."

ऑपरेशन नीट झालं. गुंड्या घरी आला तो पालथा. ताईने कपाळाखाली उशीची कड आणि नाकापुढे मोकळी जागा अशी त्याची सोय केली होती. दोन दिवसांत त्याने फरशीवरच्या सगळ्या डागांना नावं दिली. मालकीणबाईंनी निरोप पाठवला होता की वस्ताद एकदाचे अंड्यांवरच्या कोंबडीसारखे खुडूक बसले म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन वाजला.

"केंद्रातून आहे?" गुंड्याने जमिनीलाच विचारलं.

"हो. मालकीणबाई. जावईबापूंनी सकाळी दोन प्रश्न विचारले, त्यांनी दोन्हींची उत्तरं दिली, काम झालं."

"मला नाही विचारलं?"

"कुणाला विचारायचं त्या पानावर तुझं नाव आहे. सगळ्यात खाली. डोळा बरा झाल्यावर, असं लिहिलंय."

इतकी वर्षं फोन वाजू नये म्हणून तो देव पाण्यात घालून बसत असे. आता तो त्याच्यासाठी वाजला नाही, तर ते त्याच्या अंगावर येत होतं. ताईने ते ओळखलं. पहिलीतून दुसरीत गेलेली पोरं दुसऱ्याच आठवड्यात आपल्याला बघून न बघितल्यासारखं करतात, तेव्हा तिलाही असंच वाटे. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्या कानाजवळ फरशीवर ठेवला. मालकीणबाईंनी पलीकडे पेटीचं दार उघडलं असावं. आधी पंख्याचा आवाज आला आणि मग त्याच्याखालून चिवचिव, एकदम दाट, ट्रेच्या ट्रे भरून.

"चार नंबर?" गुंड्याने विचारलं.

"चार नंबर," फोनमधून मालकीणबाई म्हणाल्या.

ऐकायला बरं पडावं म्हणून गुंड्या कुशीवर वळू लागला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"शेवटच्या टप्प्यात फिरवायचं नसतं," ती म्हणाली.

तो पुन्हा पालथा झाला आणि फोन त्याने हाताने चाचपडत कानाशी ओढून घेतला.